भारतीय लांडगा

भारतीय लांडगा हा श्वान कुलातील एक मांसाहारी सस्तन प्राणी आहे. दख्खनचे पठार, गुजरात, राजस्थान व मध्य भारत येथील उघडी माळराने आणि झुडपी प्रदेश हे त्याचे मुख्य वसतिस्थान होय. त्याचे प्रचलित शास्त्रीय नाव कॅनिस ल्युपस पॅलिपेस असे आहे. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राण्याचे पहिले शास्त्रीय वर्णन इ. स. १८३१ मध्ये दख्खनमधील नमुन्यांवरून झाले. त्यामुळे त्यास ‘दख्खनचा लांडगा’ असेही म्हणता येते. हा प्राणी जगभर पसरलेल्या करड्या लांडग्याची केवळ एक उपजाती आहे की ती स्वतंत्र जाती मानावी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. या मतभेदाच्या निर्णयावर त्याच्या संवर्धनाची दिशा बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

वर्गीकरणातील स्थान

प्राणिशास्त्रात प्रत्येक सजीवाचे स्थान मोठ्या गटापासून लहान गटापर्यंत उतरत्या क्रमाने सांगण्याची पद्धत आहे. भारतीय लांडग्याचे सर्वसाधारणपणे स्वीकारले गेलेले स्थान पुढीलप्रमाणे आहे :

सृष्टी : प्राणी
संघ : रज्जुमान
वर्ग : सस्तन
गण : मांसाहारी, म्हणजेच कार्निव्होरा
कुल : श्वान, म्हणजेच कॅनिडी
प्रजाती : कॅनिस
जाती : कॅनिस ल्युपस, लिनीयस, १७५८
उपजाती : कॅनिस ल्युपस पॅलिपेस, साइक्स, १८३१

प्रजाती व जाती यांची नावे मिळून द्विनाम तयार होते. ही पद्धत स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनीयस याने रूढ केली. उपजातीचा उल्लेख करावयाचा असल्यास तिसरे पद जोडतात. नावापुढे पहिले वर्णन करणाऱ्याचे नाव व वर्ष देण्याचा प्रघात आहे. मूळ वर्णनातील प्रजाती पुढे बदलली असल्यास वर्णनकर्त्याचे नाव कंसात लिहितात; ती बदलली नसल्यास कंस करीत नाहीत. साइक्सने लांडग्याला कॅनिस प्रजातीतच ठेवले होते व तो आजही तेथेच आहे. म्हणून त्याचे नाव कंसाविना लिहिले जाते.

वर्णन

भारतीय लांडगा हा उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांतील लांडग्यांपेक्षा आकाराने लहान व अंगाने सडपातळ असतो. खांद्यापाशी त्याची उंची सुमारे ५७ ते ७२ सेंमी. भरते. वजन साधारणपणे १७ ते २५ किग्रॅ. असून नर मादीपेक्षा काहीसा मोठा असतो. अंगावरील केस आखूड असतात आणि त्यांखालील लोकरीचा थर अत्यंत विरळ असतो. उष्ण व कोरड्या हवामानास ही रचना अनुकूल ठरते. रंग मातकट, पिंगट किंवा करडा असून पाठीवर काळसर छटा दिसते. पोटाकडील भाग व पाय फिकट असतात. लॅटिन भाषेतील ‘पॅलिपेस’ या शब्दाचा अर्थच ‘फिकट पायांचा’ असा आहे. सुकलेल्या गवतात हा प्राणी उभा राहिला तरी सहजासहजी नजरेस पडत नाही.

मराठी नावे व सारखे दिसणारे प्राणी

मराठी मुलखात लांडगा, कोल्हा, खोकड, कोळसून व तरस हे पाच प्राणी बोलण्याच्या ओघात अनेकदा एकमेकांत मिसळले जातात. वर्गीकरणाच्या दृष्टीने मात्र त्यांतील अंतर कमी-अधिक आहे.

कोल्हा : शास्त्रीय नाव कॅनिस ऑरियस, लिनीयस, १७५८. हा लांडग्याच्याच प्रजातीतील असून आकाराने बराच लहान असतो. ऊसशेती, गावकुसाची जागा व नदीकाठ येथे तो सहज जुळवून घेतो.

खोकड : शास्त्रीय नाव व्हल्पीस बेंगालेन्सिस (शॉ, १८००). खऱ्या अर्थाने हाच भारतीय पठारावरील ‘फॉक्स’ होय. तो लहानखुरा असून त्याच्या झुपकेदार शेपटीचे टोक काळे असते. पुष्कळ भाषांतरांत ‘फॉक्स’ या शब्दासाठी ‘कोल्हा’ हा प्रतिशब्द योजला गेल्याने दोघांविषयी गोंधळ वाढला आहे.

कोळसून, कोळसुंदा किंवा रानकुत्रा : शास्त्रीय नाव क्युऑन अल्पिनस (पॅलास, १८११). हा तांबूस रंगाचा व काळसर झुपकेदार शेपटीचा, जंगलात टोळीने राहणारा प्राणी आहे. श्वान कुलातील बहुतेक प्राण्यांच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस तीन दाढा असतात, तर कोळसुनाला दोनच असतात. या व इतर भेदांमुळे त्याची प्रजाती वेगळी मानली जाते.

तरस : शास्त्रीय नाव हायना हायना (लिनीयस, १७५८). पुढचे पाय उंच, पाठ मागे उतरती आणि अंगावर पट्टे ही त्याची ओळख. दिसण्यात तो कुत्र्यासारखा वाटला तरी तो श्वान कुलातील नाही. मांसाहारी गणाच्या श्वानरूपी व मार्जाररूपी अशा दोन शाखा आहेत. तरस त्यांपैकी मार्जाररूपी शाखेत, म्हणजे मांजर व मुंगूस यांच्या बाजूस मोडतो.

तरसाचे हे उदाहरण वर्गीकरणाचे एक मूलभूत तत्त्व स्पष्ट करते. बाह्य साम्य हे रक्ताच्या नात्याचे निश्चित गमक नव्हे. सारख्या परिस्थितीत सारख्या तऱ्हेने जगणाऱ्या प्राण्यांची शरीरे एकमेकांसारखी होऊ शकतात. म्हणून दात, कवटी, गुणसूत्रे आणि अलीकडे डीएनए यांचा आधार घेऊनच नाते ठरविले जाते.

शास्त्रीय नावाचा इतिहास

पॅलिपेस हे नाव देणारा विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी होता. पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनचा प्रदेश मुंबई सरकारच्या ताब्यात आला. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत, १८२४ मध्ये, साइक्सची या प्रदेशाची सांख्यिकीय माहिती संकलित करण्याच्या कामावर नेमणूक झाली. या निमित्ताने त्याने गावोगाव फिरून जमीन, पिके, लोकसंख्या, हवामान यांबरोबरच पशुपक्ष्यांचीही नोंद केली. इंग्लंडला परतल्यावर त्याने दख्खनमधील सस्तन प्राण्यांची सूची लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली व ती १८३१ मध्ये सोसायटीच्या कार्यवृत्तांतात छापली गेली. पक्ष्यांची सूची त्यापाठोपाठ प्रसिद्ध झाली.

साइक्सच्या सूचीत श्वान कुलातील तीन प्राण्यांना नवी नावे दिलेली आहेत. लांडग्याला त्याने कॅनिस पॅलिपेस म्हटले. कोळसुनाला कॅनिस दुखुनेन्सिस असे नाव दिले. ‘दख्खन’ या शब्दाच्या तत्कालीन इंग्रजी लेखनावरून ते घडविले आहे. खोकडाला त्याने कॅनिस कोक्री हे नाव दिले; मराठी लोकांच्या बोलीतील शब्दच त्याने लॅटिन नावाच्या जागी बसविला. एका मराठी शब्दाला अशा रीतीने शास्त्रीय नामावलीत प्रवेश मिळाला होता.

या तीन नावांची पुढील वाटचाल मात्र सारखी झाली नाही. प्राण्यांच्या नामकरणात अग्रक्रमाचे तत्त्व पाळले जाते. एकाच प्राण्याला दोन नावे दिली गेली असल्यास, नियमानुसार आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरतात. खोकडाचे वर्णन जॉर्ज शॉ याने १८०० मध्येच केले होते. त्यामुळे ‘कोक्री’ हे नाव मागे पडले व आता ते केवळ समानार्थी नावांच्या यादीत उरले आहे. कोळसुनाचे वर्णन पॅलासने १८११ मध्ये केले होते. त्यामुळे ‘दुखुनेन्सिस’ हे जातीचे नाव म्हणून टिकले नाही, काही लेखकांनी ते भारतीय उपजातीपुरते वापरले. ‘पॅलिपेस’ला मात्र या प्राण्यासाठी आधीचा प्रतिस्पर्धी आढळला नाही आणि ते टिकून राहिले.

ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे किंवा उपजातीचे प्रथम वर्णन होते त्या ठिकाणास प्ररूप स्थान म्हणतात. कॅनिस पॅलिपेसचे प्ररूप स्थान ‘दख्खन’ असे दिलेले आहे. त्यामुळे पॅलिपेस हे नाव सर्वप्रथम दख्खनच्या लांडग्याचे आहे. इतर प्रदेशांतील लांडग्यांना ते लागू करावयाचे असल्यास, ते दख्खनच्या लांडग्याशी एकरूप आहेत हे दाखवावे लागते. पुढील वादात हा मुद्दा महत्त्वाचा ठरला.

जाती की उपजाती ?

एकोणिसाव्या शतकातील बहुतेक लेखकांनी भारतीय लांडग्याला स्वतंत्र जाती मानले होते. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतील सस्तन प्राण्यांचा पहिला ग्रंथ विल्यम ब्लॅनफर्ड याने लिहिला. त्यातही कॅनिस पॅलिपेस ही वेगळी जाती म्हणून आली आहे. विसाव्या शतकात रेजिनाल्ड पोकॉक याने कवट्या व कातडी यांची तुलना करून तिचा समावेश करड्या लांडग्यात केला आणि तिला उपजातीचे स्थान दिले. १९४१ च्या त्याच्या ग्रंथानंतर हेच मत सर्वमान्य झाले. पुढे इराण, अरबस्तान व तुर्कस्तानपर्यंतचे लहान चणीचे लांडगेही याच उपजातीत गणले जाऊ लागले.

डीएनए तपासण्याची साधने उपलब्ध झाल्यावर हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. पेशीतील तंतुकणिका या घटकांत स्वतंत्र डीएनए असतो व तो केवळ आईकडून संततीकडे जातो. या डीएनएमधील बदल मोजून दोन वंश किती काळापूर्वी विभक्त झाले असावेत याचा अंदाज बांधता येतो. २००३ ते २००७ या काळात हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी आणि २००४ मध्ये भारतीय व अमेरिकन अभ्यासकांच्या एका गटाने असे अभ्यास प्रसिद्ध केले. द्वीपकल्पीय भारतातील लांडग्यांचा व हिमालयातील लांडग्यांचा मातृवंश जगातील इतर लांडग्यांपासून फार पूर्वी वेगळा झाला आहे, असे दोन्ही अभ्यासांत आढळले. द्वीपकल्पीय वंशाचे विभाजन सुमारे चार लाख वर्षांपूर्वी झाले असावे असा अंदाज वर्तविण्यात आला. पाळीव कुत्र्याचा उगम भारतीय लांडग्यापासून झाला असावा ही जुनी कल्पनाही या संशोधनाने मागे पडली. कुत्र्यांचे डीएनए या वंशाशी जुळत नाही.

हैदराबादच्या संशोधकांनी या आधारे द्वीपकल्पीय लांडग्यासाठी कॅनिस इंडिका व हिमालयातील लांडग्यासाठी कॅनिस हिमालयेन्सिस अशी स्वतंत्र जातिनामे सुचविली. ती सर्वत्र स्वीकारली गेली नाहीत. ‘इंडिका’ या नावापुढे नामकरणाच्या नियमांचीही अडचण आहे. उपजातीला जातीचा दर्जा दिला तरी तिचे जुने नाव कायम राहते. दख्खनच्या लांडग्याला साइक्सने १८३१ मध्येच नाव दिलेले असल्याने, तो स्वतंत्र जाती ठरल्यास त्याचे ग्राह्य नाव कॅनिस पॅलिपेस हेच राहील. शिवाय कॅनिस प्रजातीत ‘इंडिकस’ हे नाव हॉजसनने १८३३ मध्ये कोल्ह्यासाठी आधीच वापरलेले आहे.

केवळ मातृवंशाच्या पुराव्यावर विसंबण्यात धोका असतो. लांडगे दूरवर स्थलांतर करतात, वेगवेगळ्या वंशांत संकर होतो आणि आईकडून आलेल्या डीएनएत संपूर्ण इतिहास उमटत नाही. म्हणून पुढची पायरी म्हणजे संपूर्ण जनुकसंचाचे वाचन. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठ व देहरादून येथील भारतीय वन्यजीव संस्था यांच्यासह अनेक संस्थांच्या अभ्यासकांनी हे काम केले व त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय लांडगा हा आज जिवंत असलेल्या लांडग्यांतील अतिप्राचीन व वेगळ्या वंशांपैकी एक असल्याचे या अभ्यासाने दाखवून दिले. त्याचबरोबर, आजवर याच उपजातीत गणले गेलेले पश्चिम आशियातील लांडगे वंशाने भारतीय लांडग्यापेक्षा युरोप व उत्तर आशियातील लांडग्यांना अधिक जवळचे असल्याचेही आढळले. याचा अर्थ, दख्खनच्या लांडग्याचा वंश पूर्वी समजत होते त्यापेक्षा बराच लहान क्षेत्रात, मुख्यतः भारत व पाकिस्तान या देशांत, उरला आहे.

हे सर्व पुरावे मान्य करूनही काही अभ्यासक त्यास उपजातीच म्हणतात, कारण लांडग्यांचे सर्व वंश, एवढेच काय पाळीव कुत्रेही, परस्परांत प्रजोत्पादन करू शकतात. केवळ संकर होऊ शकतो की नाही या कसोटीवर जाती ठरविल्यास लांडगा व कुत्रा यांचीही फारकत करता येत नाही. दीर्घकाळ स्वतंत्र राहिलेला वंश हीच जाती, असे मानणारे अभ्यासक याउलट स्वतंत्र जातीच्या बाजूने कौल देतात. मतभेदाचे मूळ अशा रीतीने ‘जाती’ या संकल्पनेच्या व्याख्येत आहे.

तुलना : जपानचा तनुकी

अशाच स्वरूपाचा वाद श्वान कुलातील आणखी एका प्राण्याविषयी चालू आहे. पूर्व आशियात रकून कुत्रा नावाने ओळखला जाणारा, डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेला एक ठेंगणा प्राणी आढळतो. अमेरिकेतील रकून या प्राण्याशी त्याचे विलक्षण साम्य आहे. परंतु रकून वेगळ्या कुलातील आहे आणि हा प्राणी श्वान कुलातील असून वंशाने खोकडाच्या बाजूस जवळचा आहे. तरस व लांडगा यांच्याप्रमाणेच येथेही दिसणे एक व नाते दुसरे असा प्रकार आहे.

आशियाच्या मुख्य भूमीवरील रकून कुत्र्याचे वर्णन ग्रे याने १८३४ मध्ये केले. त्याचे शास्त्रीय नाव निक्टेर्युटीस प्रोसायोनॉइडीस असे आहे. जपानी बेटांवरील प्राण्याला तेथे ‘तनुकी’ म्हणतात. डच प्राणिशास्त्रज्ञ तेमिंक याने त्याला ‘व्हिव्हेरिनस’ हे वेगळे जातिनाम दिले होते. पुढे त्याची गणना मुख्य भूमीवरील जातीच्या उपजातीत होऊ लागली. गुणसूत्रांची मोजणी झाल्यावर मात्र लक्षणीय भेद पुढे आला. मुख्य भूमीवरील प्राण्यात मूळ गुणसूत्रांची संख्या ५४, तर जपानी प्राण्यात ती ३८ आहे. कवटी व डीएनए यांतील भेदही लक्षात घेऊन आज अनेक अभ्यासक तनुकीला निक्टेर्युटीस व्हिव्हेरिनस ही स्वतंत्र जाती मानतात.

दोन्ही उदाहरणांत घटनाक्रम सारखाच आहे : एकोणिसाव्या शतकात वेगळे नाव, त्यानंतर उपजातीत समावेश आणि शेवटी रेण्वीय पुराव्यांमुळे जुन्या मताची फेरतपासणी. एक फरक मात्र ध्यानात घ्यावा लागतो. तनुकी समुद्रामुळे अलग पडला व त्याच्या गुणसूत्रांची संख्याच बदलली. भारतीय लांडग्याची गुणसूत्रे इतर लांडगे, कोल्हे व कुत्रे यांच्याप्रमाणेच ७८ आहेत. त्याचे वेगळेपण डीएनएच्या वाचनातूनच दिसते. म्हणून त्याच्या बाबतीत निर्णय अधिक अवघड झाला आहे.

आढळ व अधिवास

भारतीय लांडगा दाट जंगलात क्वचितच राहतो. कमी पावसाचा सपाट किंवा उंचसखल प्रदेश, आखूड गवत, विखुरलेली बोरी-बाभळीची झुडपे आणि ओढ्याघळींच्या कडा ही त्याची आवडती जागा. महाराष्ट्रात पश्चिम घाटाच्या पर्जन्यछायेतील पुणे, सोलापूर, सातारा, सांगली व अहिल्यानगर हे जिल्हे व मराठवाड्याचा कोरडा पट्टा यांत अशा प्रकारचा अधिवास आढळतो. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील माळढोक पक्षी अभयारण्याच्या परिसरात लांडग्याचा दीर्घकाळ अभ्यास झालेला आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्य व बारामती तालुक्यातील मयूरेश्वर अभयारण्य हीदेखील गवताळ अधिवासाची संरक्षित क्षेत्रे होत; तथापि दोन्ही आकाराने अगदी लहान आहेत.

बीड जिल्ह्याचे बालाघाटाच्या रांगेमुळे दोन भाग पडतात : घाटमाथ्याचा उंच, मुरमाड प्रदेश व गोदावरीकाठचा सखल, काळ्या मातीचा गंगथडीचा प्रदेश. किल्ले धारूर हे गाव बालाघाटाच्या माथ्यावर वसलेले असून माजलगावकडे जाणारा रस्ता धारूरच्या घाटातून खाली उतरतो. गावालगतच्या भुईकोट व डोंगरी दोन्ही लक्षणे असलेल्या किल्ल्याभोवतीच्या उतारांवर, तसेच आसपासच्या डोंगरांवर सीताफळाची झुडपे, कुसळी गवत व खडकाळ पडीक माळ असा भूभाग आहे. साइक्सच्या काळात हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने मुंबई सरकारच्या मोजणीत तो आला नाही; भौगोलिकदृष्ट्या मात्र तो त्याच दख्खनचा भाग आहे. याच जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे. लांडग्याला लागणाऱ्या अधिवासाचा मोठा भाग अशा संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर, गायराने, वनखात्याच्या पडीक जमिनी व कोरडवाहू शेती यांत विखुरलेला आहे, ही बाब बालाघाटापुरती मर्यादित नसून सर्व दख्खनला लागू पडते.

आहार व जीवनक्रम

काळवीट, चिंकारा, ससा, उंदीर व जमिनीवर राहणारे पक्षी हे लांडग्याचे नैसर्गिक भक्ष्य होय. जेथे काळवीट उरलेले नाहीत तेथे तो प्रामुख्याने शेळ्या-मेंढ्यांवर व मेलेल्या जनावरांवर गुजराण करतो. थंड प्रदेशातील लांडग्यांप्रमाणे मोठ्या टोळ्या येथे दिसत नाहीत. नर-मादीची जोडी व त्यांची वाढती पिल्ले एवढाच कळप असतो. शिकार बहुधा सायंकाळी, रात्री किंवा पहाटे केली जाते.

समागमाचा काळ पावसाळ्याच्या अखेरीस सुरू होतो व सुमारे दोन महिन्यांच्या गर्भावधीनंतर हिवाळ्यात पिल्ले जन्मतात. मादी ओढ्याच्या दरडीत, खडकांच्या कपारीत किंवा दुसऱ्या प्राण्याचे बीळ मोठे करून त्यात वीण घालते. जन्मतः पिल्लांचे डोळे मिटलेले असतात. आई-वडील व कळपातील इतर सदस्य खाल्लेले अन्न ओकून पिल्लांना भरवितात. पिल्ले बिळात असण्याचा हा काळ सर्वाधिक जोखमीचा असतो, कारण बीळ एकदा माणसांच्या नजरेस आले की ती सहज मारली जाऊ शकतात.

लोकजीवनातील स्थान

दख्खनच्या माळावर लांडगा व धनगर यांचे सहजीवन फार जुने आहे. मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणारा धनगर रात्री जाळीच्या वाघरात मेंढ्या कोंडतो, भोवती कुत्री ठेवतो आणि स्वतः पहारा देतो. एखादे कोकरू लांडग्याने नेले तर त्याचे नुकसान खरे असते. तरीही अनेक मेंढपाळ लांडग्याला माळाचा हक्कदार समजतात, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. इसापनीतीतील ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली असून ‘लांडगे’ हे आडनावही महाराष्ट्रात आढळते. कथा-म्हणींतील लांडगा प्रायः कपटी व खादाड असतो. या प्रतिमेचा प्राण्याच्या प्रत्यक्ष वर्तनाशी फारसा संबंध नाही. उत्तर प्रदेश व बिहारमध्ये लांडग्यांनी लहान मुलांवर हल्ले केल्याच्या घटना घडलेल्या आहेत. महाराष्ट्रात मात्र संघर्ष प्रामुख्याने पशुधनापुरता आहे.

धोके

ब्रिटिश अमदानीत लांडगा मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळत असे. हे बक्षीस बंद झाले तरी विष घालणे व बिळातील पिल्ले मारणे हे प्रकार थांबलेले नाहीत. आजचा सर्वांत मोठा धोका अधिवासाचा आहे. महसुली व नियोजनाच्या भाषेत माळरानाला ‘पडीक’ जमीन म्हटले जाते. त्यामुळे वृक्षलागवड, औद्योगिक वसाहती, रस्ते, सौर व पवनऊर्जा प्रकल्प यांसाठी ती प्रथम निवडली जाते. गवताळ जमिनीवर झाडे लावल्याने जंगल क्वचितच तयार होते. काळवीट, माळढोक, खोकड व लांडगा यांची जागा मात्र निश्चितपणे जाते.

भटक्या कुत्र्यांची वाढती संख्या हा दुसरा मोठा धोका आहे. त्यांच्याकडून रेबीज व कॅनाइन डिस्टेंपर यांसारखे रोग पसरतात. त्याहून गंभीर बाब म्हणजे संकर. पुण्याजवळच्या माळरानावरील लांडगा व कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चार लाख वर्षे वेगळा राहिलेला वंश काही पिढ्यांतील संकराने मिसळून जाऊ शकतो. प्राणी माळावर दिसत राहील, पण तो साइक्सने वर्णन केलेला प्राणी नसेल.

संरक्षण व वर्गीकरणाचे व्यावहारिक परिणाम

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार लांडग्याला पहिल्या अनुसूचीतील संरक्षण आहे. त्याची शिकार हा दंडनीय गुन्हा आहे. महाराष्ट्रात लांडग्याने पशुधन मारल्यास वनविभागाकडून नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद आहे. झारखंडमधील महुआडांड येथे १९७६ मध्ये लांडग्यांसाठी खास अभयारण्य स्थापन झाले. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या सायटीस करारात भारत, पाकिस्तान, नेपाळ व भूतान येथील लांडगे पहिल्या परिशिष्टात, तर इतर देशांतील लांडगे दुसऱ्या परिशिष्टात आहेत.

वर्गीकरणाचा व्यवहारातील परिणाम येथे दिसून येतो. करडा लांडगा ही जाती उत्तर अमेरिका, युरोप व आशिया येथे विपुल असल्याने आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तांबड्या यादीत ती ‘किमान चिंता’ या प्रवर्गात आहे. दख्खनचा लांडगा त्याच जातीत गणला गेल्यामुळे त्याची विरळ संख्या जागतिक आकड्यांत दिसेनाशी होत असे. भारतातील या लांडग्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाघाच्या भारतातील संख्येशी तुलना करण्याजोगा हा आकडा असूनही लांडग्यासाठी वाघासारखी राष्ट्रीय योजना नाही. २०२५ मध्ये उपरोक्त संघाने भारतीय लांडग्याचे प्रथमच स्वतंत्र मूल्यांकन करून त्यास ‘असुरक्षित’ प्रवर्गात स्थान दिले. त्याला जातीचा दर्जा द्यावा की नाही हा प्रश्न खुला असतानाच हा निर्णय झाला, हे उल्लेखनीय आहे.

पुनर्वसनाच्या दृष्टीनेही वंशाची ओळख निर्णायक असते. एखाद्या प्रदेशातून प्राणी नाहीसा झाल्यास त्याच वंशाचे प्राणी अन्य ठिकाणाहून आणून सोडता येतात. पश्चिम आशियातील लांडगे याच उपजातीचे मानले जात होते तोवर असा साठा बाहेर शिल्लक आहे असे वाटण्यास जागा होती. जनुकसंचाच्या अभ्यासानंतर ही शक्यता उरलेली नाही. दख्खनच्या लांडग्याचा वंश भारतीय उपखंडातील कोरड्या माळांवरच राखावा लागेल, आणि ही माळराने बहुतांशी अभयारण्यांच्या सीमेबाहेर, चराईच्या व कोरडवाहू शेतीच्या जमिनींत आहेत.